यादीतून काढलेलं मशीन

एल्क फोर्ड,
१२ सप्टेंबर

प्रिय सायमामावशी,

कमरेचं ऑपरेशन होऊन तू घरी आलीस, हे आईकडून कळलं. काठीशिवाय सॉनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीघराच्या, पायऱ्या चढू नकोस, असं तिने बजावून सांगितलंय. तू ऐकणार नाहीस हे तिलाही ठाऊक आहे. फोनवर तुला माझं एक अक्षर ऐकू येत नाही आणि कॉम्प्युटर तू घरात ठेवायला तयार नाहीस, तेव्हा हे पत्र.

मावशी, तुझा मुकादम, तू बसवलेला तो देखरेखीचा प्रोग्राम, म्हातारा झालाय गं. काउंटीचे सगळे दोनशे बारा सर्व्हर, अँब्युलन्सचे, आगीच्या बंबांचे, शेरीफचे, त्याच्याच नजरेखाली आहेत अजून. पण आता त्याचा पडदा उघडायला सत्तर सेकंद लागतात. मोजलीत मी. नवा साहेब ग्रेडी माझ्या मागे उभा राहतो आणि मला आडनावाने हाक मारत म्हणतो, "उघडू दे हो मात्तिला, सावकाश. तोवर मी एक झोप काढून येतो." सगळे हसतात. दहा ऑक्टोबरला राज्याचे लोक पाहणीला येणार आहेत. तोवर हा पळायला लागला नाही, तर ग्रेडी बाहेरची माणसं आणणार. मग एकोणीस वर्षं तू बसलीस आणि आता मी बसतोय, त्या खोलीला कुलूप.

मला कळलं ते असं: यादीतली सात मशीनं हाकेला उत्तरच देत नाहीत. मुकादम त्यांच्यासाठी पूर्ण मिनिटभर थांबतो आणि मागे रांग लागते. सातांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. सालो हिलच्या टेकडीवरचंही त्यात आहे. यातली कुठली मेलेली आणि कुठली नुसती झोपलेली, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?

तुझा,
डॅरिल

लिंडक्विस्ट बे,
२० सप्टेंबर

डॅरिल,

हे पत्र दोन दिवस लिहितेय. डॉक्टरांच्या गोळ्यांनी डोक्यात कापूस कोंबल्यासारखं झालंय. एक वाक्य लिहिते, डोळा लागतो, उठून पाहते तर वाक्य कुणाचं हे कळत नाही. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

एका वेळी एकच गोष्ट बदल. बदललीस की दिवसभर थांब, आकडे वहीत लिही, मगच दुसरीला हात लाव. चार गोष्टी एकदम बदलून जो शहाणा होतो, त्याला शेवटी कशाने काय झालं ते सांगता येत नाही.

आधी मेमरी बघ. मुकादमला मी फार थोडी दिली होती, तेव्हा मशीनच तेवढं होतं. वाढव, पण सगळी त्याच्या घशात ओतू नकोस. त्याच मशीनवर नोंदींचा डेटाबेस आहे, तोही खाणारा आहे. मग जुन्या नोंदी. सात वर्षांच्या हजेऱ्या ठेवून कुणाचं भलं झालंय? तीन महिन्यांच्या ठेव, बाकीच्या बाजूला काढ. प्रिंटरांना दर अर्ध्या मिनिटाला "आहेस का?" विचारायची गरज नाही, तासाला एकदा विचारलं तरी ते रुसणार नाहीत. एवढ्यानेच अर्धा वेळ वाचेल.

आता ती सात. मुकादम नुसती हजेरी घेत नाही, हे विसरू नकोस. मशीन अडकलं की तोच त्याला बंद करून पुन्हा सुरू करतो. यादीतून नाव काढलंस की त्या मशीनला उठवणारं जगात कुणी उरत नाही. म्हणून प्रत्येक ठिकाणी फोन कर आणि जिवंत माणसाला जाऊन बघायला सांग. सालो हिलचं मशीन माझ्या निवृत्तीनंतर बंद होणार होतं, नवा टॉवर उभा राहणार होता. बहुतेक झालंही असेल. पण 'बहुतेक'वर मशीन काढायचं नसतं. टेकडीवरच्या खोलीची किल्ली खाली राहणाऱ्या बेव्ह लंडस्ट्रॉमकडे असते. तीच रे, तुला सहा वर्षं शाळेच्या बसमधून नेणारी. बेव्हला फोन कर. ती वर जाईल आणि दिवा लागलाय का ते सांगेल. अर्धा तास बोलेल, बोलू दे.

ग्रेडीला म्हणावं, झोप घरी काढत जा.

सायमामावशी

एल्क फोर्ड,
१४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तीन सेकंद! सत्तरावरून तीन! राज्याची बाई म्हणाली, एवढ्या जुन्या यंत्रणेवर हे तिने कुठे पाहिलेलं नाही. ग्रेडीने सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मात्तिला, आता मला झोप कधी मिळणार?" हसले सगळे, पण या वेळी माझ्या बाजूने.

मेमरी वाढवली, नोंदी काढल्या, प्रिंटर गप्प केले, उत्तराची वाट पाहण्याचा वेळ मिनिटावरून पाच सेकंदांवर आणला आणि ती सातही नावं यादीतून काढली. सगळं तू सांगितलंस तसंच केलं. आईला म्हटलं, मावशीचं डोकं गोळ्या खाऊनही आमच्या सगळ्यांपेक्षा तल्लख आहे.

थँक्सगिव्हिंगच्या सणाला यायचं बघतो. पास्ट्या आणतो, त्या मोठ्या खाऱ्या करंज्या, सलगम घातलेल्या, तुला आवडतात तशा.

डॅरिल

लिंडक्विस्ट बे,
१८ नोव्हेंबर

डॅरिल,

चर्चचं पत्रक आलं. त्यात बेव्हर्ली लंडस्ट्रॉम गेल्याचं वाचलं. नऊ तारखेला. खाली एकच ओळ आहे: 'वेळेवर मदत न पोहोचल्यामुळे'.

तिचं घर आणि सालो हिलचं बंबघर यांत पुरतं दोन मैलांचं अंतर नाही. तिथले स्वयंसेवक तिच्यासारख्या दमेकऱ्याच्या घरी सात मिनिटांत पोहोचतात, मी स्वतः त्यांच्या वेळा तपासायचे. मदत का पोहोचली नाही? हे आपल्या खोलीतून झालं का? आडवळण न घेता सांग.

मावशी

एल्क फोर्ड,
२४ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

आडवळण न घेता सांगतो.

नऊ तारखेला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी बेव्हच्या नवऱ्याचा, इव्हरचा, फोन आला. बेव्हला श्वास घेता येत नव्हता. इथे फोन घेणाऱ्या मुलीने लगेच अँब्युलन्सच्या स्वयंसेवकांना पेजरवर निरोप सोडला. तिच्या पडद्यावर 'गेला' असं आलं. निरोप इथून खरंच गेला होता. पण उत्तरेकडच्या चारही वस्त्यांचे निरोप अजून सालो हिलच्या त्या जुन्या मशीनमधूनच जातात. नव्या टॉवरचं काम कधी झालंच नाही, मावशी. पाया खणला आणि सोडून दिला. मशीन तीन दिवसांपूर्वीच अडकलं होतं. निरोप तिथे जाऊन पडला.

सहा स्वयंसेवक त्या वेळी बंबघरातच होते. हरणांच्या शिकारीचा मोसम लागणार म्हणून बंदुका साफ करत, कॉफी पीत बसले होते. एकाचाही पेजर वाजला नाही. इव्हर पुन्हा पुन्हा फोन करत होता आणि मुलगी त्याला सांगत होती, "निघालेत, येतीलच." वीस मिनिटांनी तिला शंका आली. तिने इथून गाडी सोडली. ती एक्केचाळीस मिनिटांनी पोहोचली.

मशीन यादीत असतं तर मुकादमने त्याला सहा तारखेलाच उठवलं असतं. जुन्या नोंदी काढून पाहिल्या. महिन्यातून दोन-तीनदा उठवत होता तो त्याला. आपल्याला कधी कळलंच नाही. आणि ते मेलेलं नव्हतं. फक्त उशिरा उत्तर द्यायचं.

काउंटीने चौकशी समिती नेमली आहे. सुनावणी जानेवारीत.

डॅरिल

लिंडक्विस्ट बे,
१ डिसेंबर

डॅरिल,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. आता एकच विचारते आणि तू पत्र समोर धरूनच उत्तर दे.

मी तुला सालो हिलबद्दल नक्की काय लिहिलं होतं? ते बंद झालं असेल असं लिहिल्याचं मला आठवतं. बेव्हला फोन करायला सांगितलं होतं, असंही वाटतं. पण ते त्या पत्रात लिहिलं, की आयुष्यभर सगळ्यांना तेच सांगत आले म्हणून आता तसं वाटतंय, हे मला ठरवता येत नाही. त्या आठवड्यात मी शेजारणीला एकाच दिवशी दोनदा वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. तिचा वाढदिवस मे महिन्यात असतो.

पत्र तुझ्याकडे असेल. काढ, वाच आणि सांग. फोन करायला सांगितलं होतं की नाही?

मावशी

एल्क फोर्ड,
९ डिसेंबर

प्रिय मावशी,

पत्र काढून वाचलं. सालो हिल बंद झालं असेल, एवढंच त्यात आहे. फोनचं काही नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. ऑपरेशनला दोन आठवडे झालेल्या माणसाला मी विचारायलाच नको होतं. चूक कुणा एकाची नाही. टॉवर न बांधणाऱ्यांचीही आहेच की.

थंडी फार आहे. जपून राहा.

डॅरिल

लिंडक्विस्ट बे,
२१ जानेवारी

प्रिय डॅरिल,

बसने सुखरूप पोहोचले. तू स्टँडच्या खिडकीची काच पुसत उभा होतास, हात हलवत होतास. मी पाहिलं. हात वर करण्याचं त्राण नव्हतं, एवढंच.

सुनावणीत जे बोलले ते बोलून टाकायलाच हवं होतं. "मशीन बंद आहे असं मी सांगितलं, आणि खात्री करून घे असं सांगितलं नाही. माझा भाचा माझ्या शब्दावर चालला," असं मी उभं राहून सांगितलं. लोकांकडे पाहिलं नाही. त्यांनी तुझ्याकडे पत्र मागितलं तेव्हा तू म्हणालास, फेकून दिलं. मला कमी ऐकू येतं, पण तेवढं ऐकू आलं. माझी चूक कागदावर कुणाच्या हाती लागू नये म्हणून तू खोटं बोललास. लहानपणीसुद्धा तू असाच होतास. देव तुझं भलं करो, पण असं पुन्हा करू नकोस.

बाहेर इव्हर उभा होता. चाळीस वर्षांची ओळख. मी जवळ गेले तर त्याने पाठ फिरवली. मला त्याचा राग नाही.

आल्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, ज्या गोष्टीवर माणसाचा जीव अवलंबून तीच जर माझ्या डोक्यातून गळते, तर हे डोकं तपासा. त्यांनी ठोकळे जुळवायला लावले, शब्द लक्षात ठेवायला सांगितले. म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. पण त्यांना काय माहीत? मी गाडीची किल्ली शेजारणीला देऊन टाकली. स्टोव्ह चालू ठेवून बाहेर जाईन अशी भीती वाटते, म्हणून थंडच खाते. पुढच्या महिन्यात इथलं घर विकून सेंट ॲन्सगारच्या वृद्धाश्रमात जाणार आहे. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. कुत्र्याला तिथे परवानगी नाही, त्याला शेजारीण ठेवतेय.

तुझी नोकरी राहिली, हे एक बरं झालं.

मावशी

एल्क फोर्ड,
२ मार्च

मावशी,

सोबत तुझं वीस सप्टेंबरचं पत्र आहे. दुसरं पान वाच, शेवटून दुसरा परिच्छेद. मग हे वाच. किंवा नको वाचूस.

तू लिहिलं होतंस. सगळं लिहिलं होतंस. बेव्हला फोन कर, 'बहुतेक'वर मशीन काढायचं नसतं, सगळं. तुझं डोकं शाबूत होतं आणि आहे.

बाकीच्या सहा ठिकाणी मी फोन केले. सहाही खरंच बंद होती. सातवा तिला करायचा होता. नंबर फिरवायला घेतलाही होता. पण पाहणीची माणसं वीस मिनिटांत येणार होती आणि बेव्हने एकदा फोन उचलला की सोडत नाही. आईची तब्येत विचारेल, माझं लग्न का मोडलं ते विचारेल. म्हटलं, उद्या करू. सहा बंद निघालीत, सातवंही असणार. आणि नाव काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळे माझं कौतुक करत होते आणि मी विसरलो. हे खरं आहे, मी विसरलो. विसरलो ते मी, तू नव्हे.

तू विचारलंस तेव्हा पत्र टेबलावर, माझ्या समोर होतं. मी ते वाचत वाचत 'नाही' लिहिलं. मला वाटलं, तू इतकी लांब, निवृत्त, तुझं कोण काय बिघडवणार? तू बसने इतका प्रवास करून येशील आणि सगळ्यांसमोर उभी राहशील, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तू उभी राहिलीस तेव्हा मी तुझ्या मागच्या बाकावर होतो. उठायला हवं होतं. माझे पाय उठले नाहीत.

परवा आईने सांगितलं, तू आता चहासुद्धा स्वतः करत नाहीस. आश्रमातल्या बाईला सांगतेस, "तूच कर, माझा भरवसा नाही."

माफी मागायला तोंड नाही.

डॅरिल

सेंट ॲन्सगार,
११ मार्च

डॅरिल,

पत्र वाचलं. माझं अक्षर ओळखलं. बरं अक्षर होतं की. त्या मानाने.

तीन महिने मी बेव्हला मारणारी बाई म्हणून जगले. सकाळी उठून स्वतःला महिन्यांची नावं म्हणून दाखवायची, उलटी, डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत. एखादं अडलं की दिवसभर रडायचे. घर विकलं. तुझ्या काकांनी हातांनी बांधलेलं घर, ज्या जोडप्याने घेतलं त्यांनी सॉना पाडलाही. ते परत देता येईल का तुला?

तुझी माफी सध्या तुझ्यापाशीच ठेव. आधी इव्हरकडे जा. समितीच्याही आधी. माझं सप्टेंबरचं पत्र सोबत परत पाठवतेय, ते त्याला दे, तोंडाने सांग आणि तो जे करेल ते उभा राहून घे. या वेळी पाय उठव.

सायमा

एल्क फोर्ड,
२९ मार्च

मावशी,

इव्हरकडे गेलो. तो अंगणात बर्फ काढत होता. मी सगळं सांगितलं. तो फावडं थांबवत नव्हता, म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसालाही ऐकू गेलं असेल. मग मी पत्र पुढे केलं. त्याने हातमोजे काढले आणि वाचलं.

म्हणाला, "त्या दिवशी ती घरीच होती. पाहणी दहा तारखेला होती ना? दहाला ती दिवसभर घरी होती. सफरचंदं उकडत होती."

मी म्हटलं, "हो."

"वर गेली असती ती. तिला ती टेकडी चढायला आवडायची. दम लागायचा, तरी."

मला वाटलं, आता तो फावडं उचलेल. उचललं असतं तर मी हललो नसतो. त्याने ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि म्हणाला, "तू निघ. समितीकडे जा. माझ्या अंगणात उभा राहू नकोस."

समितीकडे गेलो. लेखी दिलं. ग्रेडी म्हणाला, "मिटलेलं प्रकरण होतं मात्तिला, कशाला उकरलंस?" राजीनामा तिथेच दिला. आता खटला होईल की नाही ते वकील ठरवतील. तू निर्दोष असल्याचं गुरुवारच्या पेपरात छापून आलं, चौथ्या पानावर, चार ओळी. कात्रण पाठवतोय.

काल संध्याकाळी इव्हर माझ्या दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "सायमाकडे मी पाठ फिरवली होती. मला तिच्याकडे जायचंय. माझ्या गाडीचा गिअर गेलाय. तू नेशील." विचारलं नाही त्याने, सांगितलं.

शनिवारी आणतो त्याला. मी वर येणार नाही.

डॅरिल

सेंट ॲन्सगार,
७ एप्रिल

डॅरिल,

इव्हर तीन तास बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली होती आणि तिची कड फिरवत होता. मग म्हणाला, "सायमा, मी देवाच्या दारात तुझ्याकडे पाठ केली." मी म्हटलं, "ते चर्च नव्हतं इव्हर, काउंटीचं ऑफिस होतं." त्यावर त्याला हसू आलं, आणि हसता हसता तो असा रडायला लागला की आश्रमातली बाई धावत आली. तिला मी म्हटलं, काही नाही, जा तू. मग मी स्वतः उठून कॉफी केली.

बेव्हबद्दल बोलला. त्या दुपारी ती एकदाच बोलू शकली, म्हणाली, "आवाज येतोय का बघ," म्हणजे गाडीचा. तो दार उघडून उभा राहिला. मागे वळला तेव्हा ती गेली होती. दार उघडायला उठलो नसतो तर हात हातात असता, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याला काय सांगायचं? ते तूच सांग मला.

मी दोनदा खिडकीशी आले. तू गाडीत बसला होतास, इंजिन बंद करून. काचा धुकटल्या होत्या. दुसऱ्या वेळी इव्हरने विचारलं, "बोलवायचं का त्याला?" मी खाली गाडीकडे पाहिलं. मग म्हटलं, "नको."

ते अजूनही 'नको'च आहे. पुढे काय, ते मला माहीत नाही. तुझी आई फोनवर आश्रमातल्या बाईजवळ निरोप ठेवते, पोराला माफ कर म्हणून. तिला सांग, मी तुझा द्वेष करत नाही. पण जानेवारीत तू माझ्या मागे बसून राहिलास, आणि घरी येऊन मी ज्या पोराला 'देव तुझं भलं करो' लिहिलं, तो पोरगा कुठे आहे ते मला सापडत नाही. सापडला तर लिहीन.

तुम्ही निघालात तेव्हा मी वरून पाहत होते. गारांचा पाऊस सुरू झाला होता. तुला गाडीच्या दाराला किल्ली लावता येत नव्हती, दोनदा ती खाली पडली. इव्हर दुसऱ्या बाजूने फिरून आला, तुझ्या हातून किल्ली काढून घेतली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. तू बराच वेळ पावसात उभा होतास. मग त्याने आतून हात लांब करून तुझ्यासाठी दार उघडलं.

सायमामावशी